ओळ पुसण्याआधी

पोरी, सावेडीतल्या खोलीत बसून लिनक्सच्या फाइल सिस्टिममधला अडगळीचा कोड काढायला घेतलास, फार बरं वाटलं. कर्नलचा सगळा कोड उघडा आहे. पुण्याला नोकरी लागेपर्यंत थांबायचं कारणच नाही. फक्त एक मनाशी धर: या कोडवर लोकांचे फोटो आणि हिशेब विसंबून आहेत. ओळ निरुपयोगी आहे हे सिद्ध करायचं काम ती पुसणाऱ्याचं.

सुरुवात सोप्यापासून कर. ब्रेल्स, आयपुट, केफ्री या फंक्शनांना नल पॉइंटर दिला तर ती काही न करता परत फिरतात. त्यांच्या आधी नल तपासणारी इफ असेल तर खुशाल काढ. मात्र त्याच इफमध्ये पॉइंटरच्या आतलं काही वाचलं जात असेल, तर हात लावू नकोस.

ग्रेपमध्ये नाव सापडलं नाही म्हणून कोड मेला असं समजू नये. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये मॅक्रो तुकडे जोडून नावं बनवतात. पूर्ण नाव कुठेच लिहिलेलं नसतं. काही कोड ठरावीक पर्याय असतानाच लागतो, म्हणून कोटा, एन्क्रिप्शन हे पर्याय चालू-बंद करून, ३२ बिटसाठीही बिल्ड करून बघ.

मग इतिहास. गिट ब्लेम शेवटचा हात दाखवतं, आणि तो पुष्कळदा नुसती मांडणी बदलणाऱ्याचा असतो. गिट लॉगला कॅपिटल एस देऊन ओळ पहिल्यांदा कशासाठी आली ते शोध. डिस्कला फ्लश सांगणारी ओळ दोनदा दिसली तर जास्तच जप. जर्नलची कमिट नोंद पडण्याआधी बाकीचे ब्लॉक डिस्कवर पोचलेच पाहिजेत, तो क्रम अशाच ओळी राखतात. त्या काढल्याचा फरक मशीन चालू असताना कळत नाही, मधेच लाइट गेली की कळतो.

डिस्कवर उमटणारे बिट तर कायमचेच. ईएक्सटी४ मधला ईओएफब्लॉक्स फ्लॅग निवृत्त झाला, तरी त्याच्या बिटपाशी ‘पूर्वी इथे हा होता’ अशी टीप ठेवली आहे, कारण जुन्या डिस्कवर तो अजून लागलेला असू शकतो. ईएक्सटी३ चा ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.३ आवृत्तीत काढता आला, कारण त्या डिस्का ईएक्सटी४ चा कोड वाचत होताच. रायझरएफएसच्या डिस्का वाचणारं कर्नलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. म्हणून २०२२ मध्ये आधी इशारा दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ मध्ये ती फाइल सिस्टिम काढली.

एक्सएफएसटेस्ट्स हा फाइल सिस्टिम तपासणारा चाचणीसंच व्हर्च्युअल मशीनमध्येच चालव. ‘क्विक’ गटावर भागवू नकोस, ‘ऑटो’ गट रात्रभर लावून ठेव. १ केबी ब्लॉकवरही चालव. मेमरीच्या पानापेक्षा ब्लॉक लहान झाला की कोड वेगळ्या वाटेने जातो.

एका पॅचमध्ये एकच सफाई. वागणूक बदलणारं काही त्यात घुसडू नकोस, नाहीतर पुढे बायसेक्ट करणाऱ्याला दोष सापडणार नाही. ओळ का नको, याचा पुरावा संदेशात लिही आणि गेट मेंटेनर स्क्रिप्ट ज्यांची नावं देईल त्यांना पाठव. उत्तर आलं नाही तर आठवडाभर तरी थांबून मगच आठवण कर. मर्ज विंडो चालू असेल तर ते दोन आठवडेही जाऊ दे.