जार फाईल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर का चालत नाही? – जावा प्रोग्रॅम बांधून देण्याचा पाठ



आज थोडा वेगळा पाठ घेते. एप्रिलच्या शेवटी आपली काय धावपळ असते ते तुम्हाला सांगायला नको. आकारिक, संकलित, श्रेण्या, प्रगतिपत्रकं आणि 1 मेला निकाल. या कामातून थोडी सुटका व्हावी म्हणून मी जावा शिकले आणि निकालाचा एक छोटा प्रोग्रॅम तयार केला. गुणांची एक्सेल फाईल निवडायची, 'निकाल तयार करा' हे बटण दाबायचं, की प्रत्येक मुलाची बेरीज, टक्केवारी आणि श्रेणी भरलेली नवी फाईल तयार.

माण तालुक्यातल्या माझ्या शाळेत तो छान चालला. डीएडला माझ्यासोबत असलेली मैत्रीण जत तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. सांगलीत एका लग्नात भेट झाली, तेव्हा पेन ड्राइव्हवर तिला ती जार फाईल दिली. 28 एप्रिलला रात्री तिचा फोन आला, "अगं, खिडकी उघडते, फाईलही निवडता येते, पण बटण दाबलं की काहीच होत नाही. तुझ्याकडे चालतं ना?"

माझ्याकडे चालत होतं, आणि खरी चूक तिथेच होती.

जार म्हणजे काय?

जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं 1995 मध्ये आणली. 1997 च्या जावा 1.1 आवृत्तीबरोबर जार हा प्रकार आला. जार फाईल म्हणजे आतून साधी झिप फाईलच असते. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचं संगणकाला समजणारं रूप म्हणजे क्लास फाईली. त्या सगळ्या, शिवाय चित्रं वगैरे, एका गठ्ठ्यात बांधलेलं असतं.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या साहित्याच्या गठ्ठ्यासोबत आत काय आहे त्याची यादी येते ना, तशी जारमध्येही एक यादी असते. 'मेटा-इन्फ' नावाच्या फोल्डरमध्ये ती असते आणि तिला मॅनिफेस्ट म्हणतात. त्यातल्या दोन ओळी आपल्या कामाच्या:

1. मेन-क्लास – प्रोग्रॅम कुठून सुरू करायचा. ही ओळ नसेल तर जार डबल क्लिक करून चालत नाही.
2. क्लास-पाथ – सोबत लागणाऱ्या बाकीच्या जार फाईली कुठे ठेवल्या आहेत.

मॅनिफेस्ट हातानं लिहीत असाल तर शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायला विसरू नका. नाही तर ती शेवटची ओळ वाचलीच जात नाही. दिसायला किरकोळ, पण नवशिक्याचा अख्खा दिवस जातो.

मग माझं चुकलं कुठे?

एक्सेल फाईल वाचण्याचं काम मी स्वतः लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी अपाची पीओआय ही मोफत लायब्ररी वापरली होती. आपल्या प्रोग्रॅमला चालायला दुसऱ्याच्या ज्या लायब्ररी लागतात, त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. मी नेटबीन्समध्ये काम करत होते. त्यानं 'डिस्ट' फोल्डरमध्ये माझी जार तयार केली आणि शेजारी 'लिब' नावाच्या फोल्डरमध्ये लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी ठेवल्या. क्लास-पाथमध्येही 'लिबमध्ये बघ' असंच लिहिलं होतं. मी पेन ड्राइव्हवर नेली फक्त जार. लिब माझ्याच लॅपटॉपवर राहिलं.

तुम्ही म्हणाल, मग खिडकी तरी कशी उघडली? कारण जावा सगळे क्लास सुरुवातीलाच उघडत नाही. जो जेव्हा लागेल तेव्हा तो शोधतं. खिडकीचे क्लास जावातच होते. एक्सेल वाचायची वेळ बटण दाबल्यावर आली आणि तेव्हा क्लास सापडला नाही. डबल क्लिकनं चालवलेल्या प्रोग्रॅमचा असा आतला संदेश आपल्याला दिसत नाही, म्हणून मैत्रिणीला वाटलं काहीच होत नाही.

अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, जार असलेल्या फोल्डरमध्ये जायचं आणि 'जावा', जागा, 'वजा चिन्ह व जार', जागा, फाईलचं नाव असं इंग्रजीत टाइप करायचं. मग चूक लिहून येते. तिला 'नोक्लासडेफफाउंडएरर' आणि पुढे पीओआयमधल्या क्लासचं नाव दिसलं. फोनवर तिनं एकेक अक्षर वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

लायब्ररीलाही लायब्ररी लागते

मला वाटलं, पीओआयची एक जार पाठवली की झालं. तसं नसतं. नव्या प्रकारची एक्सेल फाईल वाचायला पीओआयला एक्सएमएलबीन्स लागते, कॉमन्स कम्प्रेस लागते, आणखीही काही लागतात. आपण नाव एकीचं घेतो, पण येतात दहा-बारा. हे हातानं सांभाळणं अवघड, म्हणून मॅव्हन किंवा ग्रेडल वापरतात. त्यात लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती लिहिली की तिच्यामागच्या बाकीच्या ते स्वतःच आणतं.

देण्याच्या तीन पद्धती

1. जार आणि लिब फोल्डर सोबत द्यायचं. सगळ्यात सोपं. पण दोन्ही एकत्रच हलले पाहिजेत, म्हणून अख्खं फोल्डर झिप करून द्या. घेणाऱ्यानं ते आधी उलगडायचं, झिपमधूनच चालवायचं नाही.
2. सगळं एकाच जारमध्ये. याला फॅट जार म्हणतात. इथे एक गैरसमज होतो. जारच्या आत जार नुसती टाकून चालत नाही, साधं जावा ती वाचत नाही. सगळ्या लायब्ररी उलगडून त्यांचे क्लास एकत्र करावे लागतात. मॅव्हनचं शेड प्लगइन हे करतं. दोन लायब्ररींमध्ये एकाच नावाची फाईल असेल तर एक दुसरीला पुसू शकते, तेवढं बघा.
3. जावासकट द्यायचं. जावा 16 पासून जेपॅकेज हे साधन जावासोबतच येतं. ते विंडोजसाठी नेहमीसारखा इन्स्टॉलर बनवतं आणि आत जावाही घालतं. फाईल मोठी होते, पण समोरच्याला वेगळं जावा टाकावं लागत नाही. विंडोजसाठीचा इन्स्टॉलर विंडोजवरच बनवावा लागतो.

हा फरक आपल्या ओळखीच्या गोष्टींतही दिसेल. आपल्या पगारातून कापलेल्या आयकराचं तिमाही विवरणपत्र तयार करायला प्रोटीन, म्हणजे पूर्वीची एनएसडीएल, आरपीयू नावाची सुविधा मोफत देते. ती जावावर चालते आणि संगणकावर जावा आधीपासून असावं लागतं. भूमितीसाठी आपण वापरतो ते जिओजेब्रा क्लासिक 5 हेही जावातलंच, पण त्याचा विंडोजचा इन्स्टॉलर स्वतःचं जावा सोबत आणतो.

जावाची आवृत्ती

पुढे मी माझ्या लॅपटॉपवर जावा 17 घेतलं आणि नवीन जार आमच्याच केंद्रातल्या एका सरांना दिली. तिथे खिडकीसुद्धा उघडली नाही. त्यांच्याकडे जावा 8 होतं. जावा 17 ची क्लास फाईल 61 क्रमांकाची असते आणि जावा 8 फक्त 52 पर्यंतच्या वाचतं. नवं जावा जुनी फाईल वाचतं, जुनं जावा नवी वाचत नाही. शाळांमधले लॅपटॉप जुने असतात, म्हणून कंपाइल करतानाच 'रिलीज 8' असं सांगून ठेवा. मात्र वापरलेल्या लायब्ररीही जावा 8 वर चालणाऱ्या हव्यात.

सगळ्यात महत्त्वाचं: जारला कुलूप नसतं

जार ही झिप असल्यामुळे ती कुणालाही उघडून बघता येते. चाचणीसाठी मी आमच्या वर्गाची खरी यादी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, सगळं. दुसऱ्यांदा बांधताना सहज जार उघडून पाहिली, तर ती यादी आत. पहिल्या जारमध्येही ती गेली होती. मैत्रिणीला फोन करून ती फाईल पुसायला लावली. चाचणीला खोटी नावं वापरा, आणि पासवर्ड तर प्रोग्रॅममध्ये कधीच लिहू नका.

देण्याआधी एवढं तपासा

- आत काय काय गेलंय ते जार उघडून पाहिलं का?
- लिब सोबत आहे का, की फॅट जार केली?
- समोर जावाची कुठली आवृत्ती आहे?
- ज्या संगणकावर आपलं काहीच नाही, अशा संगणकावर प्रत्येक बटण दाबून पाहिलं का?
- जीमेल जार फाईल जोडू देत नाही. मग पेन ड्राइव्ह की ड्राइव्हची लिंक?

यातला चौथा मुद्दा पाळला असता तर बाकीचे आपोआप सापडले असते. पालकांनाही हेच सांगेन. तुमचा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जावाचा प्रोजेक्ट करत असेल तर सादर करायच्या आधी तो शेजारच्या लॅपटॉपवर चालवून बघायला सांगा. आपल्याच घरी चाललं ही परीक्षा नव्हे. ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जावाचे पाठ मराठीतून आहेत, तेही मोफत.

त्या वर्षी लिब फोल्डर तिच्यापर्यंत वेळेत पोचलं नाही. तिच्या वस्तीवर रेंज नव्हती आणि दुसरे सर रजेवर होते. चार वर्गांचा निकाल तिनं दोन रात्री बसून हातानं केला. 1 मेला झेंडावंदन झाल्यावर मुलांच्या हातात प्रगतिपत्रकं पडली, पण त्यात माझ्या प्रोग्रॅमचा काही वाटा नव्हता.

पुढच्या वर्षी मी फॅट जार केली आणि आधी शाळेतल्या जुन्या संगणकावर चालवून पाहिली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच तिला दिली. तिचा फोन आला तो निकाल झाल्यावर, सुट्टीत कधी येतेस ते विचारायला.