कामाची शाश्वती आणि कामगाराचे मन

नोकरी गेली की माणूस खचतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु जी नोकरी अजून गेलेली नाही, मात्र उद्या असेल याचा भरवसा नाही, ती करणाऱ्याचे काय होते? अर्थशास्त्राच्या तासाला बेकारीचे प्रकार शिकताना हा प्रश्न मला पडला. त्या प्रकारांत माझ्या वडिलांना कोठे बसवावे ते मला कळेना.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अशा कामगाराला नावच होते: 'बदली'. कायम कामगार गैरहजर राहिला, तर त्याच्या जागी घ्यायचा तो बदली. पाळीच्या आधी त्याने गिरणीच्या दारात हजर राहायचे. काम मिळाले तर त्या दिवसाची मजुरी, नाही तर भरलेला डबा घेऊन घरी परत. म्हणजे दुसऱ्याच्या घरी आजारपण आले की याच्या घरी चूल पेटणार! १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, बारा महिन्यांत २४० दिवस काम भरल्यास सलग नोकरीचे वर्ष धरण्याची तरतूद होती. पण तेवढे दिवस भरू द्यायचे की नाही, हे काम देणाऱ्याच्याच हाती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप पगारवाढीसाठी होता, एवढेच आपल्या लक्षात राहते; बदलींना कायम करा, ही मागणीही त्यात होती.

गिरण्या गेल्या, बदली मात्र उरला. आमच्या डोंगरीचे (मुंबईतली नव्हे, भाईंदरहून उत्तनला जाताना लागते ती) उदाहरण घरातलेच देतो. माझे वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॉलिशचे काम करतात. उद्या यायचे की नाही, ते मुकादम रात्री फोनवर सांगतो. फोन कधी नऊला येतो, कधी अकराला. तोवर ते जेवतात, पण ताटात काय होते ते त्यांना विचारू नये. गेल्या पावसाळ्यात अंगात ताप असताना ते तीन दिवस कामावर गेले. एकदा बोट कापले, ते मुकादमाला दाखवलेच नाही. 'नाही' म्हटले किंवा कुरकुर केली, की पुढचा फोन दुसऱ्याला जातो.

हे केवळ गरिबाचेच दुखणे नाही. लंडनमधील १०,३०८ सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यातल्या एका खात्याचे खासगीकरण होणार अशी चाहूल लागली. पगार चालू, खुर्ची जागेवर. तरी तेथील लोकांनी सांगितलेली स्वतःची प्रकृती इतर खात्यांच्या मानाने ढासळलेली आढळली. १९९५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला त्यांचे नवल वाटले नाही. काम सुटलेला माणूस निदान दुसरे काम शोधायला निघतो. टांगणीवर असलेल्याला शोधताही येत नाही आणि निवांत बसताही येत नाही.

शिवाय तो एकटा पडतो, आणि याविषयी आमच्या पाठ्यपुस्तकात काहीच नाही. परवा रात्री फोन आला नाही. सकाळी वडील सवयीने उठले, आंघोळ केली, ओट्यावर येऊन उभे राहिले. शेजारचे काका डबा घेऊन बसकडे निघालेले दिसले. दोघांचा मुकादम एकच. वडील मागे सरले आणि त्यांनी हळूच दार लोटून घेतले.