लायडारचा कच्चा डेटा हाती आल्याशिवाय बिल चुकतं करू नका

ज्या कंपनीने आमच्या डोंगरउताराचं ड्रोन-लायडार सर्वेक्षण केलं तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण पैशांचा वाद अजून मिटलेला नाही. पण घडलं ते सांगायलाच हवं. पाणलोट, घाटरस्ते, दरडी, सगळ्या कामांना आता लायडार मागवला जातो आणि आलेली फाईल स्वतः उघडून बघणारे फार थोडे. ठेकेदारांना हे पक्कं ठाऊक असतं.

आमचं काम सह्याद्रीतल्या एका वाडीच्या वरच्या अंगाला चर काढून पावसाचं पाणी ओढ्याकडे वळवण्याचं. माळीणला ३० जुलै २०१४ ला आणि इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून जे झालं, त्यानंतर अशा ठिकाणी अंदाजपंचे उंची धरायची कुणाची हिंमत होऊ नये. ड्रोनच्या फोटोंतून झाडांचे शेंडेच मिळतात. लेसरचे काही किरण मात्र पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, म्हणून हा खर्च मंजूर करून घेतला होता.

हातात आलं काय, तर कंटूरचं ड्रॉइंग, रंगीत हिलशेड आणि गुळगुळीत कागदावरचा अहवाल. आमच्या ऑटो लेव्हलच्या उंचीशी कंटूर जुळेनात. कच्चा डेटा मागितला तेव्हा उत्तर आलं, ‘मॅडम, रॉ डेटा द्यायची आमची पॉलिसी नाही.’ पिच्छा पुरवल्यावर एकच लॅझ फाईल, म्हणजे बिंदूंच्या लास फाईलीचं दाबलेलं रूप, पाठवली आणि वर बजावलं, ‘फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू नका, चुकीचं दिसेल. आमच्याकडे लाखोंचं सॉफ्टवेअर आहे.’

मी ती क्लाउडकम्पेअरमध्ये उघडली. हे सॉफ्टवेअर फ्रान्समधल्या दानिएल जिरार्दो-मोंतो यांच्या पीएचडीच्या कामातून २००३ पासून वाढत आलं आहे, जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुलं आहे. बिंदूंना इंटेन्सिटीप्रमाणे रंग द्यायला सांगितला, तर अख्खा डोंगर एकाच रंगाचा. डांबरी रस्ता, कातळ, गवत, पत्र्याची छपरं यांवरून लेसर सारख्याच जोराने परत येणं शक्यच नाही. मग पीडीएएल या दुसऱ्या खुल्या साधनाने फाईलची आकडेवारी काढली. इंटेन्सिटी सर्वात कमी शून्य, सर्वात जास्तही शून्य. जीपीएस वेळ शून्य. पॉइंट सोर्स आयडी शून्य. शाळेच्या सपाट स्लॅबचा छेद घेतला, तर बारीक रेघ दिसायच्या जागी जाड पट्टा. उड्डाणाच्या पट्ट्या एकमेकींशी जुळल्या नव्हत्या की बिंदूंत मागाहून गोंगाट मिसळला होता, हे ठरवायला कुठला बिंदू कुठल्या पट्टीतला ते कळावं लागतं. तीच माहिती पुसलेली.

उलगडा झाला तो फाईलच्या हेडरमध्ये. फाईल कुठल्या सॉफ्टवेअरने लिहिली हे नोंदवायला लास प्रकारात ३२ अक्षरांची जागा असते. तिथे लासटूल्सचं नाव होतं. लासटूल्स हे दिवंगत मार्टिन इझेनबुर्ग यांनी उभं केलेलं उत्तम साधन आहे, त्याला मी दोष देत नाही. त्यातली लासइन्फो, लासझिप अशी काही हत्यारं खुली आहेत आणि जमीन वेगळी काढणाऱ्यासारखी काही परवान्याची आहेत. परवान्याची हत्यारं विनापरवाना वापरली आणि बिंदू ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, तर ती इंटेन्सिटी, जीपीएस वेळ, पॉइंट सोर्स आयडी शून्य करतात, निर्देशांकांत थोडा गोंगाट मिसळतात, रास्टरवर तिरप्या काळ्या रेघा ओढतात. बनवणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही, स्वच्छ लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्या फाईलवर आम्ही वाडीच्या माथ्यावरचा चर आखणार होतो, ती चाचणीपुरत्या वापरायच्या हत्यारातून काढलेली होती, आणि बिलात मात्र सॉफ्टवेअर परवान्याची रक्कम वेगळी लावलेली.

विचारलं तेव्हा पहिलं उत्तर, ‘तुमच्या फ्री व्ह्यूअरला इंटेन्सिटी वाचता येत नाही.’ अमेरिकेच्या यूएसजीएसचा लायडार डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. त्याचा एक तुकडा त्याच क्लाउडकम्पेअरमध्ये उघडून, रस्ते आणि शेतं इंटेन्सिटीत लख्ख दिसणारं चित्र मी पाठवलं. दुसरं उत्तर, ‘आमच्या सेन्सरमध्ये इंटेन्सिटी नोंदलीच जात नाही.’ त्यांच्याच कोटेशनला जोडलेल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात ती नोंदली जाते असं छापलं होतं. तिसरं उत्तर आलंच नाही. इंजिनिअरने फोन उचलणं बंद केलं आणि त्यांच्या अकाउंट्समधून शेवटच्या हप्त्यासाठी रोज फोन येत राहिले. ‘तुम्हाला काय कळतंय यातलं’ हा जो सूर पहिल्या दिवसापासून होता, तो मी विसरलेले नाही.

आता इतरांसाठी. वर्क ऑर्डरमध्येच लिहा की प्रत्येक उड्डाणपट्टीची वेगळी लास १.४ फाईल, ट्रॅजेक्टरी, बेस स्टेशनची नोंद आणि कंट्रोल पॉइंट दिल्याशिवाय काम पूर्ण धरलं जाणार नाही. ‘पॉलिसी नाही’ हे उत्तर ऑर्डर देण्याआधी ऐकलेलं बरं.

फाईल आली की आधी आकडे बघा. पीडीएएल बीएसडी परवान्याचं आहे, लासइन्फो खुलं आहे, आणि दोन्ही काही सेकंदांत हेडर दाखवतात. क्यूजीआयएसमध्ये ३.१८ पासून, म्हणजे २०२१ पासून, बिंदूंचा ढग थेट उघडतो. ३.३२ पासून पीडीएएलची हत्यारं त्याच्या टूलबॉक्समध्येच आहेत, त्यामुळे कमांड लिहायची भीती वाटणाऱ्यांनाही आता सबब नाही.

क्लाउडकम्पेअर फाईल उघडताना ग्लोबल शिफ्ट विचारतं. हो म्हणा. महाराष्ट्रात यूटीएमचे उत्तरेकडचे आकडे वीस लाख मीटरच्या आसपास असतात आणि हे सॉफ्टवेअर बिंदू ३२ बिटच्या आकड्यांत ठेवतं. शिफ्ट नाकारली तर सेंटिमीटर तिथेच बुडतात. आमच्या ज्युनिअरला कंपनीच्या माणसाने ‘नो दाबा, वेळ वाचतो’ असं सांगितलं होतं.

झोन तपासा. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३ उत्तर, पूर्वेला ४४ उत्तर. अमरावती एकात, नागपूर दुसऱ्यात. विदर्भात काम करणाऱ्यांनी हे डोळ्यांत तेल घालून पाहावं. उंची कशावरून मोजली तेही लेखी घ्या. आपल्याकडे जिऑइड लंबगोलाच्या बराच खाली आहे. कोकण किनाऱ्यावर जीपीएसची नुसती उंची साठ मीटरहून जास्त उणे येते. ही दुरुस्ती केली की नाही, कुठल्या जिऑइड मॉडेलने केली, हे अहवालात नसेल तर अहवाल परत पाठवा.

जमीन वेगळी काढणं दुसऱ्यावर सोपवलंत तरी एकदा स्वतः करून बघा. पीडीएएलच्या एसएमआरएफ गाळणीत उताराचं मूल्य मुळात ०.१५ असतं, म्हणजे शंभर मीटरला पंधरा मीटर. सह्याद्रीत ते तसंच ठेवलं तर कडा झाडी समजून छाटला जातो. क्लाउडकम्पेअरच्या सीएसएफ गाळणीत तीव्र उताराचा पर्याय निवडा. मग जमिनीचे, म्हणजे वर्ग २ चे, तेवढेच बिंदू दाखवून बघा. कारवीच्या रानात मोठाली भोकं दिसली तर तिथले कंटूर दोन कडांमध्ये ताणलेल्या रेघा आहेत, जमीन नव्हे. आमचं उड्डाण सप्टेंबरात केलं होतं आणि लायडार पानांतून आरपार जातो असं आम्हाला बिनदिक्कत सांगितलं होतं. तो पानांतून जात नाही, फटींतून जातो. पानगळीनंतर, फेब्रुवारी ते मे या काळात उडवा.

बाकी नेहमीचंच. सगळं लेखी ठेवा, डेटाच्या दोन प्रती ठेवा, सगळ्यात कमी दराला भुलू नका.

आम्ही दुसऱ्याकडून मार्चमध्ये पुन्हा सर्वेक्षण करून घेतलं आणि कच्च्या फाईलींपासून कंटूरपर्यंत सगळं खुल्या साधनांवर स्वतः केलं. ऑटो लेव्हलशी उंची जुळली. परवान्यावर एक रुपया लागला नाही, लागला तो वेळ. पहिल्या कंपनीचा शेवटचा हप्ता मी अडवून धरला आहे आणि त्यावर ठाम आहे. ज्याच्या सहीने डोंगरावर खोदकाम होणार आहे, त्या प्रत्येक अभियंत्याला माझी एवढीच विनंती: सही करण्याआधी फाईल स्वतः उघडा. साधनं मोफत आहेत, खाली राहणाऱ्या माणसांचा जीव नाही.