पश्चिमेची भिंत आधी सांभाळ

पोरी, चिंचवडला ऑफिसचा टॉवर उभा करायचं काम तुझ्याकडे आलंय, तर नकाशा पक्का होण्याआधी एवढं ऐक. एसी किती टनांचा, हे पहिल्याच मीटिंगला कुणी काढलं तर त्याला थांबव. ऊन कुठून येणार ते आधी ठरव, टनांचा हिशोब त्यातून निघतो.

बैठ्या शेडला ऊन छपरातून गाठतं. म्हणून तर जुन्या कारखान्यांनी नॉर्थ लाइटची छपरं घातली, उजेड आत आणि ऊन बाहेर. टॉवरचं उलटं असतं. गच्ची लहान, भिंती अफाट. गच्चीवर सोलर जरूर बसव, पण वीस मजल्यांना ते पुरणार नाही. वीज वाचायची ती भिंतींवर.

दक्षिणेचं ऊन आपल्याकडे सोपं आहे. आपण साडेअठरा अक्षांशांवर. डिसेंबरातही भरदुपारी सूर्य 48 अंश वर असतो, एप्रिलात तर जवळजवळ डोक्यावर. दोन फुटांचा आडवा छज्जा तापत्या महिन्यांत चांगलं काम देतो. पश्चिमेला मात्र चारनंतर ऊन छज्ज्याखालून थेट आत शिरतं. एप्रिलात त्या वेळी कुठल्याही काचेच्या इमारतीत पश्चिमेला जाऊन बस. ब्लाइंड पाडलेले, काचेला पुठ्ठे चिकटवलेले, बाहेर लख्ख उजेड असताना आत ट्यूब पेटलेल्या. इकडची माणसं एसी 18 वर आणतात आणि पूर्वेकडच्या मुली शाल पांघरून बसतात. ऊन काचेतून आत आलं की ब्लाइंड ते परत बाहेर घालवत नाही. अडवायचं ते काचेच्या बाहेरच.

म्हणून लिफ्ट, जिने, टॉयलेट, डक्ट हे सगळं पश्चिमेला सरकव. तिथं भिंत जाड, खिडक्या मोजक्या आणि त्यांना बाहेरून उभे लूव्हर. माणसं उत्तर-दक्षिणेला बसव. बिल्डर म्हणेल, हायवेवरून काच दिसली पाहिजे. त्याला हडपसरला सुझलॉनचं वन अर्थ दाखवून आण. ख्रिस्तोफर बेनिंजर यांचं काम. इमारत उंच नाही, पण काचेबाहेरचे लूव्हर बघण्यासारखे आहेत, आणि तिची शान कुठं कमी झाली नाही. काच घेताना एसएचजीसी, म्हणजे उन्हाची किती उष्णता आत येते, तो आकडा कमी बघ, पण व्हीएलटी, म्हणजे किती उजेड आत येतो, तेही विचार. उष्णता अडवताना उजेडही गेला, तर दिवसभर दिवे जाळावे लागतील.

आपल्याकडची पहाट उन्हाळ्यातही गार असते, ती वाया घालवू नकोस. चार ते सात एएचयूची, म्हणजे हवा खेळवणाऱ्या यंत्राची, बाहेरची हवा पूर्ण उघडून स्लॅब गार करून घ्यायची. आपल्याकडे धूळ फार, तेव्हा फिल्टर धुवायला जागा आणि माणूस दोन्ही नकाशातच धर.

यंत्रांचं थोडक्यात सांगते. कन्सल्टंट, ठेकेदार, मालक, प्रत्येकजण आपापली दहा-वीस टक्के मार्जिन चढवतो आणि चिलर दीडपट होऊन बसतो. प्रत्येकाला आकडा कुठून आणला ते लिहून मागायचं. एक चिलर लहान घे, शनिवारी निम्मं ऑफिस रिकामं असतं तेव्हा तोच चालेल. पंखे-पंपांना वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी हवाच. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. एसी 24 च्या खाली जाऊ द्यायचा नाही. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं बीईईच सांगते. वर छताचा पंखा असला तर 26 लाही कुणी तक्रार करत नाही.

हरित इमारतींच्या गृहा मानांकनाची नोंदणी सुरुवातीलाच कर. आपली महापालिका त्यावर सवलत देते, आणि नंतर कागद जुळवत बसणं फार जड जातं.

इमारत चालू झाली की एका रविवारी रात्री दहाला मीटर वाच. आत माणूस नाही, तरी आकडा पळताना दिसेल. कुठं एक्झॉस्ट चालू, कुठं रिकाम्या मजल्यावरचे दिवे. मजल्यामजल्याला वेगळा मीटर असेल तरच चोर सापडतो, म्हणून तो टेंडरमध्येच लिही. आणि एचव्हीएसी ठेकेदाराचं शेवटचं बिल पहिला मे महिना पार पडेपर्यंत सोडू नकोस.