सीडी अडकते, दोष कुणाचा?



अजूनही काही घरांत सीडी प्लेअर आहे. सकाळी अभंग लागतात, रात्री कीर्तन लागते. मोबाइल आले, तरी जुन्या सीड्या लोकांनी जपून ठेवल्या आहेत. एखाद्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या सीडीवर उतरवून घेतलेल्या असतात. आजी गेली, आवाज तेवढा राहिला.

अशी सीडी एके दिवशी अडखळते. एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. नाही तर दोन ओव्या गाळून गाणे पुढे उडी मारते. मग कुणी प्लेअरला थापट्या मारतो, कुणी सीडी सदऱ्यावर घासतो. दोन्ही वाईट. आधी दोष कुणाचा ते ओळखावे, मग हात लावावा.

सीडी वाचली कशी जाते?

सीडी म्हणजे १२ सेंटिमीटर रुंदीची प्लास्टिकची तबकडी. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती तयार केली. १९८२ साली ती बाजारात आली. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खुणांची एक ओळ असते. ती मधून सुरू होते आणि गोल गोल फिरत कडेला जाते. पूर्ण भरलेल्या सीडीची ओळ उलगडून सरळ केली, तर सुमारे ५ किलोमीटर भरेल. म्हणजे दीड कोस!

प्लेअरमध्ये एक लहानसे भिंग असते. त्यातून लेसरचा किरण सीडीवर पडतो आणि खुणा वाचतो. सुईसारखे काही सीडीला टेकत नाही. आपण डोळ्यांनी अक्षर वाचतो, तसेच हे वाचणे.

आता पाटीवर ‘कुरुंदा’ लिहा आणि मधले एक अक्षर पुसा. तरी गावाचे नाव वाचता येते. पण सगळा शब्दच पुसला, तर काय वाचणार? सीडीचेही असेच आहे. थोड्या खुणा झाकल्या गेल्या, तर प्लेअर हिशेब करून गाळलेली जागा भरतो. एका जागी पुष्कळ खुणा झाकल्या, की त्याला ओळ सापडत नाही. मग गाणे अडकते.

परीक्षा कशी घ्यावी?

दुसरी चांगली सीडी लावून पाहा. ती नीट वाजली आणि पहिली दर वेळी त्याच जागी अडली, तर दोष बहुधा सीडीचा. सगळ्याच सीड्या अडू लागल्या, तर दोष बहुधा प्लेअरचा. शेजाऱ्याकडे प्लेअर असेल, तर आपली सीडी तिथेही लावून पाहावी. या परीक्षेला पैसा लागत नाही.

दोष सीडीचा असेल तर

सीडी कडेने धरा. चकचकीत बाजूवर धूळ किंवा बोटांचे डाग आहेत का ते पाहा. आधी धूळ हलकेच फुंकून टाका, म्हणजे पुसताना खडा घासणार नाही. मग धुतलेल्या मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. गोल पुसू नका. गोल चरा पडला, तर तो ओळीबरोबर जातो आणि सलग खुणा झाकतो. आडवा चरा ओळीच्या प्रत्येक फेऱ्यातून थोडेच खातो. ती गाळलेली जागा प्लेअर भरू शकतो.

तेलकट डाग असेल, तर फडके किंचित ओले करा. रॉकेल, पेट्रोल, थिनर, राख मुळीच लावू नका. नाव लिहिलेली बाजूही जपा. खुणांचा थर त्या बाजूला अगदी जवळ असतो. तिथे खोल ओरखडा गेला, तर तो दुरुस्त होत नाही.

दोष प्लेअरचा असेल तर

प्लेअर हलत्या फळीवर किंवा स्पीकरला चिकटून ठेवला आहे का ते पाहा. असेल, तर घट्ट जागी ठेवा. पावसाळ्यात भिंगावर दव धरते. तेव्हा प्लेअर तासभर बंद ठेवून मग लावावा.

आपल्या वसमत तालुक्यात हळद फार. हळद पॉलिश होते तेव्हा पिवळी धूळ घरात येते आणि भिंगावर बसते. वरून झाकण उघडणारा प्लेअर असेल, तर आधी वायर काढा. मग कोऱ्या, कोरड्या, मऊ कुंचल्याने भिंगावरची धूळ अलगद झाडा. जोर देऊ नका. चालू प्लेअरच्या भिंगात कधीही डोकावू नका. तो किरण डोळ्यांना इजा करतो. सीडी आत ओढून घेणारा प्लेअर असेल, तर तो कारागिराकडे न्यावा. आपण केलेली परीक्षा त्याला सांगावी, म्हणजे नको तो खर्च टळतो.

सर्वांत महत्त्वाचे

घरी किंवा दुकानात भरून घेतलेल्या सीडीवरील खुणा रंगाच्या थरात असतात. उन्हाने आणि काळाने तो थर बिघडतो. बाजारची कीर्तनाची सीडी पुन्हा मिळेल, आजीच्या ओव्या मिळणार नाहीत. म्हणून अशी सीडी वाजते आहे तोवरच संगणकाच्या दुकानात नेऊन तिची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. एक नक्कल घरी ठेवा, एक लेकीकडे द्या. सीडी डबीत, सावलीत ठेवा.

उत्तरे लिहा

१. सीडी गोल का पुसू नये?
२. दोष सीडीचा की प्लेअरचा, हे कसे ओळखाल?
३. तुमच्या घरात पुन्हा मिळणार नाही असा कुणाचा आवाज आहे? त्याची नक्कल कधी घ्याल, तो दिवस लिहा.