वारीची पिशवी : किती मोठी, किती जड?

ज्येष्ठ महिना लागला की वारीला निघणारी मंडळी तपासणीसाठी दवाखान्यात येऊ लागतात. रक्तदाब, साखर, गुडघे पाहून झाले की मी शेवटी विचारतो, 'पिशवीचं वजन किती?' बहुतेकांनी ते केलेले नसते. म्हणून आज पिशवीविषयी.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. एक पाऊल दोन फुटांचे धरले तर चार लाखांहून अधिक पावले होतात. पिशवीतला अनावश्यक एक किलो म्हणजे तो एक किलो चार लाख पावले वाहून नेणे होय. हा भार खांद्यावर थांबत नाही. तो कंबर, गुडघे आणि तळव्यांपर्यंत पोचतो. तळव्यांना फोड येण्याचे एक कारण जादा ओझे हेही आहे.

वजन किती असावे?

पाण्यासह भरलेली पिशवी आपल्या वजनाच्या एक दशांशाहून जड नसावी, हा सोपा नियम. ५० किलोच्या माणसाने ५ किलोपर्यंतच ओझे घ्यावे. साठी उलटलेल्यांनी, गुडघेदुखी, हृदयविकार किंवा हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांनी याहूनही कमी घ्यावे. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, हे विसरू नये. वाटेत पाणी मिळत राहते, म्हणून एका वेळी एक लिटर पुरे. घरी वजनकाटा नसेल तर पिशवी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहावी. अंदाज हमखास चुकतो.

आकार कोणता घ्यावा?

वळकटी, जादा कपडे आणि भांडी दिंडीच्या ट्रकमध्ये जाणार असतील तर २० ते २५ लिटरची सॅक पुष्कळ झाली. सगळे सामान स्वतःच वाहणाऱ्याने ३५ लिटरच्या आसपासची घ्यावी. 'असू द्या मोठी' म्हणून मोठी पिशवी घेतली की ती भरली जातेच! सॅक पाठीवर मानेखालच्या उंच हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत बसावी. त्याखाली लोंबू नये.

एका खांद्याची झोळी दिवसभर वागवल्यास शरीर एका बाजूला कलते आणि मान व पाठ धरते. म्हणून दोन रुंद, गादीचे पट्टे असलेली सॅक उत्तम. अरुंद पट्टा खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब देतो व हाताला मुंग्या येतात. पिशवी उतरवूनही बधिरपणा गेला नाही किंवा हातातली ताकद कमी वाटली, तर पालखीमार्गावरील आरोग्य पथकाला दाखवावे. मोठ्या सॅकला कमरेचा पट्टा असावा. तो पोटावर न बांधता कमरेच्या हाडांवर बांधावा, म्हणजे खांद्यांचा भार हलका होतो. जड वस्तू पाठीलगत मध्यावर ठेवाव्यात. ज्या माउली डोईवर तुळशीवृंदावन घेतात त्यांनी ते आळीपाळीने घ्यावे आणि मान दुखत असेल तर आग्रह धरू नये.

जवळ काय, ट्रकमध्ये काय?

वजन कमी करताना अनेक जण औषधांचा डबाच ट्रकमध्ये टाकतात. हे फार धोक्याचे आहे. ट्रक मुक्कामी पुढे जातो, माणूस मागे चालत असतो आणि दुपारची गोळी चुकते. पुणे ते सासवड हा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा आणि त्यातली दिवे घाटाची चढण आठवा. हा दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास येतो. उपास, चढण आणि पाठीवर ओझे अशा वेळी मधुमेह्याची साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तातडीने डॉक्टर गाठावा. मधुमेह्यांनी उपासाविषयी व औषधाच्या मात्रेविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

म्हणून पिशवीत पुढील वस्तू असाव्यातच : तीन दिवसांची औषधे, साखर किंवा ग्लुकोज, जलसंजीवनीची दोन पाकिटे, पाण्याची बाटली, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद, कपड्यांचा एक सुका जोड, मोबाइल आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, गाव, दिंडी क्रमांक, आजार, चालू औषधे आणि घरचा फोन लिहावा. इन्सुलिन तापलेल्या ट्रकमध्ये ठेवू नये, बर्फालाही थेट चिकटवू नये. सर्व वस्तू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालाव्यात. भिजलेले सुती कपडे ओझे वाढवतात.

निघण्याआधी पंधरा दिवस हीच पिशवी भरून रोज तासभर चालावे. कुठे काचते, काय नको आहे, हे गावातच कळेल. जे नको ते घरी ठेवावे, औषधे मात्र अंगावरच असू द्यावीत.