राडारोड्यातून नवे काँक्रीट : तंतूंचे साहाय्य

पाडलेल्या इमारतींचा राडारोडा नाल्यांत व खाड्यांत टाकला जातो, आणि त्याच वेळी नव्या बांधकामासाठी डोंगर फोडून खडी काढली जाते. ही दुहेरी हानी कमी करण्याचा एक मार्ग आपण येथे समजून घेऊ.

जुने काँक्रीट फोडून, त्यातील सळया व लाकूड वेगळे काढून, चाळून मिळालेली खडी पुन्हा वापरता येते. मात्र तिच्या अंगाला जुन्या सिमेंट-वाळूचा सच्छिद्र थर चिकटलेला असतो. त्यामुळे ती काळ्या पाषाणाच्या खडीहून अधिक पाणी शोषते. म्हणून ती आधी भिजवून घ्यावी लागते. जुना थर व नवे सिमेंट यांचा सांधाही दुर्बल राहतो. परिणामी काँक्रीटची ताकद घटते आणि आकुंचन वाढते.

येथे तंतू उपयोगी पडतात. काँक्रीट दाब चांगला सोसते. ताण पडला की तडकते. तडा सूक्ष्म असतानाच तंतू त्याचे दोन्ही काठ धरून ठेवतात. दाब सोसण्याच्या शक्तीत त्याने फारशी भर पडत नाही. परंतु वाक व आघात सोसण्याची शक्ती वाढते, आणि काँक्रीट एकाएकी तुटत नाही. ही युक्ती प्राचीन आहे : अजिंठ्याच्या भित्तिचित्रांखालील मातीच्या गिलाव्यातही वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळतात.

एक घनमीटर काँक्रीटमध्ये आकारमानाच्या ०.५ टक्के पोलादी तंतू म्हणजे सुमारे ३९ किलो. ते एकदम ओतल्यास त्यांचे गोळे होतात. म्हणून थोडे थोडे पसरून टाकावेत. तंतूंमुळे मिश्रण घट्ट होते. तेव्हा वरून पाणी न वाढवता प्रवाहीपणा वाढवणारे रसायन वापरावे. जादा पाण्याने मिळवलेली ताकद पुन्हा गमावली जाते.

भारतीय मानक ३८३ (२०१६) नुसार अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, तर सळयांच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंतच २० टक्के वापरता येते. तंतू घातले म्हणून ही मर्यादा ओलांडता येत नाही, की सळयाही वगळता येत नाहीत. पदपथ, अंगणातील फरशी, पेव्हर ब्लॉक ही या मिश्रणाची योग्य क्षेत्रे होत.

आपल्यापैकी अनेकांची घरे आयुष्यभराच्या कमाईतून उभी राहतात. म्हणून स्लॅब वा खांबात अशी खडी घालण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला आणि ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी, या दोन गोष्टींचा आग्रह आपण धरलाच पाहिजे.